डिंगीचे चॉक बसवताना आणि काढताना

सिअ‍ॅटलहून उत्तरेकडे निघालं की आधी सॅन वॉन बेटं लागतात, मग सरहद्द ओलांडून कॅनडातलं डेसोलेशन साउंड. या पाण्यात मोटारबोट घेऊन फिरणाऱ्यांचं डिंगीवाचून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीवाचून, पान हलत नाही. धक्के मोजके, ते उन्हाळ्यात भरलेले. रात्र काढायची ती नांगरावरच. डेसोलेशन साउंडमधल्या कित्येक खाड्या काठापर्यंत इतक्या खोल आहेत की नुसता नांगर पुरत नाही, बोटीच्या मागच्या बाजूनं एक दोर किनाऱ्यावरच्या झाडाला बांधावा लागतो. तो दोर घेऊन जायला डिंगी, खेकड्यांचे सापळे टाकायला डिंगी, कुत्र्याला पाय मोकळे करायला नेण्यासाठीही डिंगीच. मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या यॉटवर जायचं तर खलाशी छोटी होडी घेऊन न्यायला येतो. मालकाला होडी ठेवायची कुठे याचा विचार करावा लागत नाही. इथे तो ज्याचा त्यानंच करायचा.

दोरानं बांधून मागे ओढत नेणं सगळ्यात सोपं वाटतं, पण या भागात लाकडाचे ओंडके पाण्यात मोकाट फिरत असतात आणि अरुंद फटींतून भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात वाहतो. नांगरताना बोट मागे घेतली आणि ओढीचा दोर पंख्यात गेला की पुढचा दिवस त्यातच जातो. डिंगी छतावर चढवायची तर क्रेन हवी. राहिली बोटीची पिछाडी. तिथे पाण्यापासून वीतभर उंचीवर आडवी फळी असते, तिला स्विम प्लॅटफॉर्म म्हणतात. पोहून आलेल्या माणसानं शिडीनं चढावं म्हणून ती मुळात बनवलेली असते. तिच्यावर डिंगी आडवी ठेवायची तर तिच्या तळाला बसण्यासाठी दोन आधार लागतात. डिंगीच्या तळाचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, तसाच उतार या आधारांच्या माथ्याला दिलेला असतो. हे झाले चॉक.

बाजारात याला पर्याय म्हणून एक दुसरी रचना मिळते. डिंगीच्या हवेच्या नळीवर दोन पकडी चिकटवायच्या, प्लॅटफॉर्मच्या कडेला त्यांचे जोडीदार बसवायचे आणि डिंगी कुशीवर उभी करायची. हलक्या डिंगीला, इंजिन काढून ठेवत असाल तर, ही रचना छान चालते. पण उभी डिंगी म्हणजे बोटीच्या पाठीला लावलेली भिंत. मागचा पांढरा दिवा तिच्याआड जातो, आणि तो दिवा थेट मागून दोन्ही बाजूंना मिळून १३५ अंशांच्या टप्प्यात दिसलाच पाहिजे असा समुद्रावरचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दुसरं जास्त गंभीर आहे. चालत्या बोटीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो, तो धूर आत ओढतो. भिंत जितकी उंच तितका हा भोवरा मोठा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अ‍ॅरिझोना-युटाच्या सीमेवरच्या लेक पॉवेल जलाशयात हाऊसबोटींच्या मागच्या फळीखाली सोडलेल्या जनरेटरच्या धुरानं माणसं मेली, तेव्हा २००० साली अमेरिकन सरकारच्या तज्ज्ञांनी तिथे जाऊन मोजमापं घेतली होती. म्हणून डिंगी कशीही ठेवा, केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, आणि इंजिन किंवा जनरेटर चालू असताना प्लॅटफॉर्मवर कुणी बसायचं नाही. पन्नासेक किलोच्या वरची, इंजिनासकट ठेवायची डिंगी असेल तर मी आडवी, चॉकवर बसणारी रचनाच सुचवीन.

वजनाचा हिशेब सगळ्यात आधी करायचा. तीन मीटरची, कडक तळाची हवा भरलेली डिंगी ५० ते ६० किलोंची असते. दहा अश्वशक्तीचं चार-स्ट्रोक इंजिन ४० किलोंच्या आसपास. पंचवीस लिटरची भरलेली टाकी वीस किलो. त्यात वल्ही, छोटा नांगर, साखळी. आकडा सव्वाशेला पोहोचतो. आता डिंगीच्या तळाचं बूच लावून ठेवलं आणि रात्री पाऊस पडला, तर दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद तळात सात सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते शंभर लिटर भरतं, म्हणजे आणखी शंभर किलो. आणि हे सगळं बोट स्थिर असताना. लाटेनं पिछाडी उचलून खाली आपटली की क्षणभर हाच भार दुप्पट-तिप्पट होतो आणि तो प्लॅटफॉर्मच्या मुळाशी, म्हणजे ब्रॅकेट जिथे बोटीच्या मागच्या भिंतीला जोडलेले असतात तिथे, तरफेसारखा लागतो. बोट बनवणाऱ्यानं प्लॅटफॉर्मला किती वजनाची परवानगी दिली आहे हे कागदोपत्री पाहायचं, कागद नसेल तर त्याला विचारायचं. प्लॅटफॉर्मवर चार माणसं उभी राहिली तरी काही झालं नाही, हा पुरावा कामाचा नाही. माणसं नांगरावर शांत पाण्यात उभी राहतात, डिंगी समुद्र ओलांडताना तिथे असते.

परवानगी आहे असं ठरलं की जागा ठरवायची. डिंगी आडवी असते, म्हणून चॉक प्लॅटफॉर्मवर बोटीच्या लांबीच्या दिशेनं बसतात. एक चॉक डिंगीच्या इंजिनाकडच्या टोकाशी, कारण बहुतेक वजन तिथेच आहे. तो डिंगीच्या मागच्या भिंतीच्या शक्य तितका जवळ हवा. दुसरा पुढच्या अर्ध्या भागात, जिथे व्ही खोल होऊ लागतो पण अजून निमुळता झालेला नाही. भार कीलवर, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यावर, आणि कडक तळावर यायला हवा, हवेच्या नळ्यांवर नाही. चॉक थोडे खुजे झाले की डिंगी नळ्यांवर टेकते, मग प्रत्येक लाटेला नळीचं कापड प्लॅटफॉर्मवर घासत राहतं. खाली बोटीच्या बाजूचे ब्रॅकेट कुठे आहेत ते वरून खुणेनं काढून घ्यायचं आणि जमेल तितके चॉक त्यांच्या डोक्यावर आणायचे. पोहण्याची शिडी, मागचं दार, एखादं झाकण, धुराचं तोंड, यांतलं काही अडत नाही ना हेही याच वेळी बघायचं. शिडी डिंगीखाली अडकली असेल तर पाण्यात पडलेला माणूस वर येणार कसा? या भागातलं पाणी उन्हाळ्यातही बऱ्याच ठिकाणी हाडं गोठवणारं असतं.

चॉकचा आकार घ्यायला डिंगी गवतावर उलटी ठेवायची आणि ठरवलेल्या जागी जाड पुठ्ठा उभा धरून तळाची रेघ उतरवायची. पुठ्ठ्यावरून प्लायवूडचा साचा, साच्यावरून खरा चॉक. प्लायवूडचे साचे तात्पुरते टेपनं प्लॅटफॉर्मवर उभे करून डिंगी प्रत्यक्ष वर ठेवून पाहिली की सगळे प्रश्न भोक पडायच्या आत वर येतात. हा एक दिवस वाचवू नये.

चॉक कशाचा करावा? तयार चॉक बहुधा स्टेनलेसच्या पायांवर प्लॅस्टिकचा माथा असे येतात. घरी करणारे समुद्री दर्जाची जाड पॉलिइथिलीनची फळी घेतात. ती पाणी पीत नाही, कुजत नाही, आणि सुताराच्या करवतीनं सहज कापली जाते. तिचे दोन गुण मात्र माहीत हवेत. कुठलंच सीलंट तिला धड चिकटत नाही, म्हणून तिच्यावर चिकटपणाच्या भरवशावर काहीही सोपवायचं नाही. आणि ती उन्हानं बरीच फुगते: मीटरभर पट्टी तीस अंशांच्या फरकात तीनेक मिलिमीटर लांबते. तिच्यातली भोकं बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवली नाहीत तर उन्हाळ्यात ती वाकते किंवा बोल्टला रेटते. माथ्यावर गालिचा लावायची पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण गालिच्यात वाळू आणि मीठ अडकतं आणि तोच पॉलिशपेपर होऊन डिंगीचा तळ खरवडतो. गुळगुळीत प्लॅस्टिक किंवा धुता येणारी रबराची पट्टी बरी.

बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यायचे. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं. डोक्यावर ए४ असा शिक्का असतो, ए२ म्हणजे ३०४. पण ३१६ सुद्धा अमर नाही. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा थर हवेतल्या ऑक्सिजनवर जगतो. ओल्या, बंद, हवा न लागणाऱ्या फटीत तो थर मरतो आणि बोल्ट आतून खड्डे पडत खाल्ला जातो. वरून डोकं चकचकीत, आत कंबर पेन्सिलच्या शिसाएवढी उरलेली, असा बोल्ट काढताना हातात येतो तेव्हा त्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच असतं: भोकात पाणी शिरलं होतं.

इथे कामाचा गाभा येतो. चॉक मजबूत बसवणं अवघड नाही. अवघड आहे ते भोकातून पाणी आत जाऊ न देणं. फायबरग्लासचा प्लॅटफॉर्म बहुतेक वेळा भरीव नसतो. वर एक पातळ कवच, खाली एक पातळ कवच, मधे बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोमचा गाभा. वजन कमी आणि ताठपणा जास्त, म्हणून ही रचना करतात. दोन्ही कवचं गाभ्याला घट्ट चिकटलेली आहेत तोवरच ताठपणा आहे. एका भोकातून पाणी आत गेलं की प्लायवूड तंतूंच्या दिशेनं ते दूरवर ओढून नेतो. बाल्सा उभ्या तंतूंनी लावलेला असतो म्हणून पाणी सावकाश पसरतं, पण शेवटी कुजतो तोही. फोम कुजत नाही, तरी कवचापासून सुटतो. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं आणि वरून काहीच दिसत नाही. एक दिवस प्लॅटफॉर्म पायाखाली लवतो.

म्हणून भोक बोल्टच्या मापाचं पाडून सीलंट भरून मोकळं व्हायचं नाही. आधी गाभ्याला पाण्यापासून कायमचं तोडायचं. आठ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर वरच्या कवचातून आणि गाभ्यातून वीस मिलिमीटरचं भोक पाडायचं, खालचं कवच शाबूत ठेवून. वरचं मोठं भोक चॉकच्या पायाखाली झाकलं जातं. पाया छोटा असेल आणि वर मोठं भोक नको असेल तर लहान भोकातून एक वाकवलेला खिळा ड्रिलला लावून फिरवायचा, तो दोन कवचांमधला गाभा चहूबाजूंनी सेंटिमीटरभर खरवडून काढतो. ड्रिलच्या पात्याला चिकटून काय बाहेर येतंय याकडे नीट बघा. फिकट, कोरडा भुसा असेल तर गाभा ठणठणीत. तपकिरी, ओलसर, आंबट वासाचा लगदा आला तर चॉकचं काम तिथेच थांबवायचं. आधीच कुजलेल्या प्लॅटफॉर्मवर नवीन ओझं चढवण्यात अर्थ नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं आजूबाजूला टकटक करत जायचं: टणक आवाज बदलून बद्द होतो तिथवर ओल पोहोचली आहे.

गाभा कोरडा असेल तर पुढे. खालचं कवचही भोकलं गेलं असेल तर खालून टेप लावायची. आधी नुसतं पातळ इपॉक्सी पोकळीत ओतून गाभ्याला पिऊ द्यायचं, जास्तीचं काढून घ्यायचं. मग इपॉक्सीत सिलिकाची पूड कालवून ते श्रीखंडाइतकं दाट करायचं आणि सिरिंजनं तळापासून वर भरत यायचं, म्हणजे मधे हवा अडकत नाही. एका दमात खूप मोठी पोकळी भरली तर इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेनं उकळतं, म्हणून मोठं भोक दोन हप्त्यांत. कडक झालं की त्या भरीव ठोकळ्याच्या मध्यातून बोल्टचं खरं भोक. आता बोल्टच्या शेजारी गाभा नाहीच, फक्त इपॉक्सी आहे. पुढेमागे सीलंट फाटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. शिवाय नट आवळताना दोन कवचं एकमेकांकडे दाबली जात नाहीत. मिशिगनमधल्या बे सिटीच्या गूजन बंधूंच्या कंपनीनं, म्हणजे वेस्ट सिस्टीम इपॉक्सी बनवणाऱ्यांनी, ही रीत बोटवाल्यांना वर्षानुवर्षं शिकवली आहे आणि आज ती अमेरिकेतल्या कुठल्याही बोटयार्डात चालते. तरी घाईचं काम करणारे ती गाळतात, कारण तिला मधे एक रात्र थांबावं लागतं.

वरचा चकचकीत जेलकोट ठिसूळ असतो. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवत जेलकोट घासून पार करायचा आणि मग सुलट. टेप लावून भोक पाडलं की कडा निघत नाहीत. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकनं हलकी उतरती कड द्यायची. ती दोन कामं करते. बोल्टच्या आट्यांनी जेलकोटला ताण बसून चांदणीसारख्या भेगा पडत नाहीत, आणि त्या खळग्यात सीलंटचं जाड कडं तयार होतं. सपाट पृष्ठावर सीलंट आवळताना जवळजवळ सगळंच बाहेर पडतं, उरतो एक कागदासारखा थर. कड्यात उरलेलं सीलंट मात्र बोल्ट हलला तरी त्याच्याबरोबर ताणलं जातं.

सीलंट कोणतं, यावर धक्क्यावर तासन् तास वाद होतात. माझं म्हणणं साधं आहे: ताकद बोल्टनं द्यायची, सीलंटनं फक्त पाणी अडवायचं. असं असेल तर चॉकच्या पायाखाली कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन लावण्याचं कारणच उरत नाही. थ्रीएमचं ५२०० बोटवाल्यांत प्रसिद्ध आहे आणि ते पूर्ण कडक व्हायला पाच ते सात दिवस घेतं. नंतर ते सोडत नाही, हाच त्याचा गुण आणि हीच कटकट. डिंगी बदलली की चॉक बदलणार, हे उघड आहे. चॉकखाली ब्युटाइल टेप किंवा पॉलिसल्फाइड पुरतं. ब्युटाइल कधीच कडक होत नाही, बोल्टभोवती त्याची वळी करून बसवायची आणि दोन-चार दिवस रोज थोडं थोडं आवळायचं. फक्त पेट्रोल जिथे सांडतं तिथे ते नको, ते विरघळतं. पॉलिसल्फाइड सागवानाला छान धरतं, पण काही प्लॅस्टिकांना खातं. आणि सिलिकोन? बाथरूममध्ये ठीक. बोटीवर एकदा त्याचा हात लागला की त्या जागी पुढे रंग, जेलकोट, इपॉक्सी, काहीच धड धरत नाही.

खालच्या बाजूला वॉशर पुरत नाही. भार पसरवायला सहा मिलिमीटर जाडीची पट्टी लागते. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त, पण स्टेनलेसच्या बोल्टशी खाऱ्या पाण्यात त्याचं पटत नाही, पांढरी भुकटी होऊन झिजतं. काचतंतू आणि इपॉक्सीची दाबून केलेली पाटी, जी१० नावाची, यासाठी उत्तम. कोपरे गोल करायचे. बोटीच्या डेकवर खालची बाजू सीलंटविना सोडावी असं काही जाणकार सांगतात, म्हणजे गळती लगेच दिसते. स्विम प्लॅटफॉर्मला हे लागू नाही. त्याची खालची बाजू लाटांच्या तोंडात असते, पाणी तिथूनच दाबानं वर घुसतं. दोन्हीकडून बंद करायचं.

नट आवळताना बोल्ट फिरवायचा नाही, नटच फिरवायचा. बोल्ट फिरला की आट्यांभोवतीचं सीलंट तुटतं. नायलॉन-कडीचा स्टेनलेस नट स्टेनलेसच्या बोल्टवर विजेच्या ड्रिलनं भरधाव चढवला तर आटे तापून एकमेकांना जागीच चिकटतात. मग तो ना पुढे जातो ना मागे, कापावाच लागतो. आट्यांना ग्रीस लावायचं आणि हातातल्या पान्यानं सावकाश चढवायचं. खाली वाकून हे काम करताना नट पाण्यात पडतातच. लोहचुंबक घेऊन शोधायला जाऊ नका, ३१६ला लोहचुंबक धरत नाही. प्लॅटफॉर्मखाली एक जुनी चादर झोळीसारखी बांधली की काम निम्मं सोपं होतं. शक्य असेल तर हे सगळं बोट कोरड्या जमिनीवर काढलेली असतानाच उरकावं.

सगळेच प्लॅटफॉर्म फायबरग्लासचे नसतात. हाँगकाँगच्या अमेरिकन मरीननं १९६० च्या दशकात सुरू केलेल्या ग्रँड बँक्स ट्रॉलर बोटी या किनाऱ्यावर अजून शेकड्यानं दिसतात. त्यांचं शरीर १९७३ पासून फायबरग्लासचं झालं तरी मागचा प्लॅटफॉर्म सागवानी पट्ट्यांचाच राहिला, मधे फटी ठेवलेला, म्हणजे लाट खालून आली तर फटींतून निघून जाते. अशा प्लॅटफॉर्मला भोक न पाडताच चॉक बसवता येतात. वर चॉकचा पाया, खाली जी१०ची पट्टी, आणि फटीतून जाणारे बोल्ट. पट्टी तीन-चार पट्ट्यांवर पसरली पाहिजे आणि ब्रॅकेटच्या जवळ पाहिजे, कारण एकेकटी सागवानी पट्टी माणसाचं वजन पेलते, इंजिनासकट डिंगीचं नाही. नट सोडले की चॉक हातात, सागवान जसंच्या तसं.

फायबरग्लासवरही अशी सोय करता येते, आणि करावी. कायम बसवायची ती फक्त प्लॅटफॉर्मच्या पातळीशी एकसारखी झालेली स्टेनलेसची तबकडी. तिच्यात आट्याचं भोक किंवा खाच, चॉक त्यात हाताच्या चाकानं किंवा ओढून काढायच्या पिननं बसतो. डिंगी पाण्यात असताना चॉक उचलून लॉकरमध्ये ठेवायचे. उभे राहिलेले चॉक अंधारात पायाची बोटं मोडतात आणि मुलांना पोहायला जागा देत नाहीत. पिनला दोरी बांधलेली हवी, आणि तबकडीच्या भोकात प्लॅस्टिकचं बूच. बूच नसलं की आट्यांत वाळू बसते. हंगामाच्या शेवटी आटे गोड्या पाण्यानं धुऊन ग्रीस लावलं तर पुढच्या मे महिन्यात चाक हातानं फिरतं.

डिंगी चॉकवर बसली तरी ती तिथे राहते ती पट्ट्यांमुळे. पट्टे नळ्यांवरून आवळायचे नाहीत, तळाच्या कडक भागातल्या कड्यांना बांधायचे. नळीतली हवा दुपारच्या उन्हात फुगते आणि पहाटेच्या गारठ्यात आकसते. दुपारी गच्च आवळलेला पट्टा सकाळी सैल लोंबत असतो, आणि नेमकी पहाटेच बोट निघते. इंजिनाचं टोक किंचित खाली राहील असे चॉक असले की बूच काढून ठेवल्यावर पावसाचं पाणी आपोआप निघून जातं.

आता काढण्याचं काम. बोट विकायची आहे, डिंगी मोठी घेतली, किंवा आधीच्या मालकानं चॉक वाकडेच बसवले होते. खाली ब्युटाइल असेल तर नट सोडा, नायलॉनच्या तारेनं खालून कापत जा, अर्ध्या तासात मोकळं. पॉलियुरेथेननं चिकटवलेला चॉक मात्र वेगळाच प्राणी. बोल्ट काढून झाले, आता पहारीनं उचकटू, असा मोह होतो. तो आवरायचा. पॉलियुरेथेनची पकड जेलकोट आणि फायबरग्लास यांच्यातल्या पकडीपेक्षा जास्त असते, म्हणून उचकटल्यावर चॉक निघतो तो जेलकोटचा पोपडा घेऊनच. इथे ओढायचं नाही, कापायचं. पियानोची किंवा गिटारची पोलादी तार दोन लाकडी मुठींना बांधून चॉकच्या पायाखाली करवतीसारखी पुढेमागे चालवायची. हीटगननं पाया हळूहळू तापवला की सीलंट मऊ पडतं. बाजूचा जेलकोट हात ठेवता येईल इतकाच गरम होऊ द्यायचा, त्यापुढे गेलं तर राळ भाजते. पॉलियुरेथेन सोडवणारी द्रवं मिळतात, ती कडेनं ओतून थांबायचं, आत झिरपली की परत तार. जागा मोकळी होत जाईल तशा प्लॅस्टिकच्या पाचरी सरकवायच्या, लोखंडाच्या नाहीत. एका चॉकला दुपार गेली तरी ती दुपार वाया गेली असं समजू नये, कारण जेलकोट निघाला तर दुरुस्तीला आठवडा लागतो.

बोल्ट फिरत नसेल तर डोक्यावर सोल्डरिंग आयर्न काही मिनिटं धरायचं, आतलं सीलंट उष्णतेनं सुटतं. नट जाम झाला असेल तर खालून नट फोडणारं हत्यार किंवा पातळ चकतीची ग्राइंडर. ठिणग्यांनी जेलकोटवर गंजाचे डाग पडतात, म्हणून ओल्या कापडानं सगळा भाग झाकून घ्यायचा.

चॉक निघाला की त्याची सावली दिसते. सभोवतालचा जेलकोट उन्हानं फिका आणि खरबरीत झालेला, चॉकखालचा पहिल्या दिवसासारखा. रंग बराचसा घासण्याच्या पॉलिशनं जुळतो. आता भोकांकडे. आतून ओलं असेल तर काही दिवस उघडं, छपराखाली ठेवून वाळवायचं. नुसत्या भोकाला लांबी भरून वरून जेलकोट लावला की वर्षभरात गोल भेग उमटते, कारण लांबी आकसते आणि कवच तिला धरत नाही. आठ-दहा मिलिमीटरच्या भोकाला दोन्ही तोंडांनी रुंद उतार देऊन दाट इपॉक्सी पुरतं. भोक मोठं असेल, किंवा मागच्या माणसानं तीन जागी केलेले प्रयोग एकत्र मिळून मोठं भोक झालं असेल, तर काचकापड हवं. नियम आहे बारास एकचा: कवच तीन मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून ३६ मिलिमीटरपर्यंत कवच निमुळतं घासायचं, मग काचकापडाचे गोल तुकडे एकावर एक, इपॉक्सीत भिजवून. एवढ्याशा भोकासाठी एवढा मोठा उतार बघून मालक हबकतो, पण कवचाची ताकद अशीच जोडली जाते.

इपॉक्सीवर जेलकोट लावायचा असेल तर एक पायरी हमखास विसरली जाते. कडक होताना इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो नुसत्या पॉलिशपेपरनं पसरतो, जात नाही. आधी साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवायचा, कोरडं करायचं, मग पॉलिशपेपर. नाहीतर वरचा जेलकोट चिकट राहतो. जेलकोटलाही हवा लागू द्यायची नसते, म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद ताणून ठेवतात. आणि त्याच प्लॅटफॉर्मवर महिनाभरात नव्या डिंगीचे चॉक यायचे असतील, तर जेलकोटची चैन करूच नये. इपॉक्सीचे ठोकळे सपाट घासून तसेच ठेवावेत. नव्या पायाचं भोक त्यांच्यापैकी एखाद्यात आलं तर भरीव जागा आयती मिळते. नाही आलं तर ती पुन्हा नव्यानं करावी लागते, पण निदान या वेळी गाभा कोरडा आहे हे माहीत असतं.